खान्देशच्या उन्हात प्रकाश आणि सावलीची मोजणी

प्रकाशाचे एकरेषीय संक्रमण आणि छायानिर्मिती हे दोन भाग सहावी-सातवीच्या विज्ञानात बहुधा एकाच आकृतीत उरकले जातात. एक दिवा, एक चेंडू, एक पडदा आणि त्यांना जोडणाऱ्या चार सरळ रेषा एवढीच ती आकृती असते. ती बरोबर असते, पण तिच्यात मापे नसतात, आणि मापे नसली की सावलीबद्दलचे खरे प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात उभेच राहत नाहीत. विजेच्या खांबाची सावली रस्त्यावर ठळक पडते, मग त्याच खांबावरून गेलेल्या तारांची सावली शोधावी का लागते? पत्र्याला खिळ्याने पडलेले छिद्र वेडेवाकडे असूनही जमिनीवर उजेडाचा ठिपका गोल का पडतो? जून महिन्यात भर दुपारी जळगावात सावली दक्षिणेकडे कशी जाते? यांतील पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एका साध्या गुणोत्तराशी येऊन थांबतात आणि ते गुणोत्तर प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः मोजून काढता येते.

त्यासाठी लागणारे साहित्य घरात किंवा शेतात सहज मिळते. जाड पुठ्ठा, टाचणी, लहान आरसा, मोजपट्टी, शर्टाचे एक बटण, वाळलेली सरळ पऱ्हाटी (कपाशीची काडी), ओळंबा आणि मोबाइलचा टॉर्च एवढे पुरेसे आहे. खान्देशात ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत निरभ्र ऊन मुबलक असते, त्यामुळे प्रयोगासाठी ढग सरण्याची वाट बहुधा पाहावी लागत नाही. एक नियम मात्र आरंभीच सांगितला पाहिजे आणि तो कोणत्याही प्रयोगात मोडू नये. सूर्याकडे डोळ्यांनी, छिद्रातून, भिंगातून किंवा आरशातून थेट पाहू नये. येथे दिलेल्या प्रत्येक कृतीत सूर्याकडे पाठ करूनच उभे राहायचे आहे.

प्रकाश सरळ जातो याची खात्री

तीन पुठ्ठ्यांना सारख्या उंचीवर छिद्रे पाडून, ती एका सरळ काडीने ओवून रांगेत आणून, त्यांतून मेणबत्तीची ज्योत पाहण्याचा प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. मधला पुठ्ठा बोटभर सरकवला की ज्योत दिसेनाशी होते. हा प्रयोग करावा, पण त्यावर फार वेळ घालवू नये, कारण तेवढेच अधिक देखणे प्रात्यक्षिक धाब्याच्या जुन्या घरात किंवा कपाशीच्या गोदामात आयतेच होत असते. अंधाऱ्या खोलीत छपराच्या फटीतून उन्हाची तिरीप आत येते तेव्हा हवेतील धूळ व तंतू उजळून निघतात आणि प्रकाशाची वाट कडेने पाहता येते. धूळ नसेल तर ती तिरीप कडेने दिसत नाही, कारण प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरल्याशिवाय आपल्याला काहीच दिसत नाही. धुळीचे कण त्यातील थोडा प्रकाश आपल्याकडे विखुरतात म्हणून ती दिसते. उदबत्तीचा धूर तिरिपीत सोडला तर तिच्या दोन्ही कडा किती सरळ आहेत हे दोरी ताणून तपासता येते.

‘सरळ’ या विधानाला एक अट आहे. ज्या माध्यमातून प्रकाश जातो ते सर्वत्र सारखे असेल तरच तो सरळ जातो. मे महिन्यात सुरत-नागपूर महामार्गावर दूर अंतरावर पाणी साचल्यासारखे जे दिसते, ते ही अट मोडल्यामुळे. डांबराला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा बरीच तापते व विरळ होते, त्यामुळे आकाशाकडून तिरपा येणारा प्रकाश हळूहळू वर वळतो आणि रस्त्यावर आकाशाचा तुकडा दिसतो. काही मीटरांच्या आपल्या प्रयोगांत हे वळण नगण्य आहे, म्हणून पुढे सर्वत्र प्रकाशकिरण सरळ रेषेने दाखवता येतील. त्याच्या वेगाचाही विचार येथे करावा लागत नाही. निर्वात पोकळीत तो सेकंदाला 2,99,792.458 किलोमीटर आहे, आणि सूर्यापासून निघालेला प्रकाश सुमारे 8 मिनिटे 20 सेकंदांत पृथ्वीवर पोचतो. अंगणातील अंतरांना लागणारा वेळ कोणत्याही घड्याळाने आपल्याला जाणवणार नाही.

पत्र्याच्या छिद्रातून उतरणारा सूर्य

आता मुख्य कृतीकडे वळू. पत्र्याच्या शेडखाली, कुठेतरी जुन्या खिळ्याचे छिद्र असेल अशा ठिकाणी, दुपारच्या सुमारास जमिनीवर पडलेला उजेडाचा ठिपका पाहावा. छिद्राचा आकार कसाही असो, ठिपका गोल किंवा किंचित लंबगोल असतो. हा ठिपका म्हणजे छिद्राचा आकार नव्हे, ती सूर्याची प्रतिमा आहे. सूर्य हा बिंदू नसून आकाशातील एक तबकडी आहे. तिच्या वरच्या कडेकडून आलेला किरण छिद्रातून सरळ जाऊन खाली पडतो, खालच्या कडेकडून आलेला वर पडतो, डावीकडचा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे. या सर्व किरणांनी मिळून जमिनीवर सूर्याची उलटी तबकडी तयार होते. आडव्या जमिनीवर किरण तिरपे पडले की ती लंबगोल होते, आणि एखादी पाटी किरणांना काटकोनात धरली की पुन्हा गोल होते.

याचे माप घेण्यासाठी पुठ्ठ्याला अर्ध्या सेंटीमीटर बाजूचा नीट चौकोन कापावा आणि तो पुठ्ठा लहान आरशावर चिकटवावा, म्हणजे आरशाचा तेवढाच चौकोन उघडा राहील. आरसा उन्हात पक्का टेकवून त्याची तिरीप उघड्या दारातून अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर पाठवावी. ती कोणाच्याही डोळ्यांवर जाऊ नये यासाठी वाटेत कोणाला उभे राहू देऊ नये. भिंत जवळ असताना, म्हणजे एखाद्या वितीवर पाटी धरली असता, ठिपका चौकोनीच दिसतो. एक मीटरवर त्याचे कोपरे बुजू लागतात. पाच मीटरवर तो जवळजवळ गोल होतो, आणि दहा मीटरवर भिंतीवर साडेनऊ सेंटीमीटरच्या आसपास व्यासाची स्वच्छ तबकडी उमटते. ठिपक्याचा व्यास मोजून त्यातून छिद्राची रुंदी वजा करावी आणि आरशापासून भिंतीपर्यंतच्या अंतराला त्या उत्तराने भागावे. काळजीपूर्वक मोजल्यास भागाकार 108 च्या जवळ येतो. जपमाळेतील मण्यांचीही संख्या हीच आहे हे येथे कोणीतरी हमखास सांगेल. आपल्याला हा आकडा मात्र मोजपट्टीतून मिळालेला आहे आणि 105 किंवा 111 मिळाला तरी प्रयोग फसला असे समजू नये.

या आकड्याचा अर्थ असा की सूर्य आपल्यापासून त्याच्या व्यासाच्या सुमारे 108 पट दूर आहे. प्रतिमेचा त्रिकोण आणि सूर्याचा त्रिकोण छिद्रापाशी टोकाला टोक लावून उभे असतात व ते समरूप असतात, म्हणून दोघांचे गुणोत्तर एकच येते. सूर्याचे सरासरी अंतर सुमारे 15 कोटी किलोमीटर आहे. त्याला 108 ने भागले की सूर्याचा व्यास सुमारे 13 लाख 90 हजार किलोमीटर येतो. एका आरशाच्या तुकड्याने मिळालेले हे उत्तर ग्रंथातील मूल्याशी जुळते. हाच आकडा पुढे सावलीच्या अनेक प्रश्नांत उपयोगी पडणार आहे.

हे समजल्यावर झाडाखालचे कवडसेही वाचता येतात. दहा मीटर उंच निंबाच्या शेंड्याजवळील पानांच्या फटीतून आलेला कवडसा नऊ सेंटीमीटरच्या घरात असतो, आणि जमिनीवर असे अनेक गोल एकमेकांवर चढलेले दिसतात. रावेर-यावलकडील केळीच्या बागेत असे गोल शोधू गेल्यास निराशा होते. तेथे पाने जमिनीपासून फार उंच नसतात आणि त्यांमधील फटी लांब व रुंद असतात, त्यामुळे उजेडाला फटीचाच आकार येतो, अगदी वितीवर धरलेल्या पाटीवरील चौकोनासारखा.

सूचीछिद्र प्रतिमाग्राहकाचे (पिनहोल कॅमेऱ्याचे) तत्त्व वेगळे नाही. बुटाच्या खोक्याच्या एका टोकाला खिडकी कापून तिच्यावर अॅल्युमिनियमचा पातळ कागद चिकटवावा आणि त्याला टाचणीच्या टोकाने अर्धा ते एक मिलिमीटरचे छिद्र पाडावे. समोरच्या टोकाला ट्रेसिंग पेपर ताणून लावावा. डोक्यावर काळे कापड घेऊन ट्रेसिंग पेपरकडे पाहिले असता उन्हात उभे असलेले झाड, घर किंवा बैलगाडी उलटी दिसते. छिद्र मोठे केल्यास प्रतिमा उजळ पण पुसट होते. फारच बारीक केल्यास ती अंधूक होते आणि पुन्हा पुसटही होऊ लागते, कारण अतिसूक्ष्म छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. अकराव्या शतकाच्या आरंभी अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथम यांनी अशा छिद्रातून होणाऱ्या प्रतिमेचा पद्धतशीर अभ्यास केला होता.

सावली आणि तिची कड

सावलीला तीन गोष्टी लागतात: प्रकाशाचा स्रोत, वाटेत येणारी अपारदर्शक वस्तू आणि ज्यावर सावली पडेल असा पडदा. तिसरी गोष्ट विद्यार्थी नेहमी विसरतात. वस्तूच्या मागे प्रकाश न पोचणारा भाग पडदा नसतानाही असतो, फक्त तो दिसण्यासाठी कशावर तरी उमटावा लागतो. काच पारदर्शक असल्याने तिची सावली फिकट, तेलकट कागद अर्धपारदर्शक असल्याने त्याची मध्यम आणि पुठ्ठा अपारदर्शक असल्याने त्याची गडद, हे तीन तुकडे उन्हात धरून एका मिनिटात तपासून घ्यावे.

स्रोत लहान असेल तर सावलीची कड धारदार येते. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च भिंतीपासून दोन मीटरवर ठेवून मध्ये हात धरावा. बोटांच्या कडा स्पष्ट दिसतात. हात टॉर्चकडे नेला की सावली मोठी होते आणि भिंतीकडे नेला की हाताच्या आकाराजवळ येते. टॉर्च बंद करून ट्यूबलाइट लावल्यास चित्र बदलते. खोलीच्या मध्यावर, टेबलापासून थोड्या उंचीवर, पेन्सिल ट्यूबला समांतर धरली तर टेबलावर तिची बरीच रेखीव सावली पडते. तीच पेन्सिल काटकोनात फिरवली तर सावली जवळजवळ विरून जाते. पेन्सिल तीच आणि उजेड तोच असतो, पण ट्यूब जाडीच्या दिशेने अरुंद आणि लांबीच्या दिशेने विस्तारित स्रोत आहे. दुसऱ्या स्थितीत ट्यूबचा थोडा भाग पेन्सिलीने झाकला तरी उरलेल्या लांबीतून उजेड टेबलावर पोचतोच. जेथे स्रोताचा कोणताही भाग दिसत नाही त्या भागाला प्रच्छाया म्हणतात, आणि जेथून स्रोताचा काही भाग दिसतो व काही झाकला जातो त्या फिकट भागाला उपच्छाया म्हणतात. या व्याख्या पाठ करण्याआधी पेन्सिल दोनदा फिरवावी, असे माझे मत आहे.

टॉर्चच्या सावलीची लांबी आधी गणिताने काढून मग मोजणे हा या भागातील सर्वांत समाधान देणारा प्रयोग आहे, आणि त्याचे सूत्र खान्देशाला परके नाही. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे सापडलेल्या शिलालेखात गणिती भास्कराचार्य यांच्या घराण्याची माहिती आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी नातू चांगदेव यांनी तेथे मठ स्थापल्याचा उल्लेख त्यात येतो. भास्कराचार्यांचा जन्म 1114 चा. त्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथात छायाव्यवहार नावाचे प्रकरण आहे व त्यात दिवा आणि शंकू (म्हणजे सावली मोजण्यासाठी उभी रोवलेली काठी) यांचे गणित दिले आहे. शंकूची उंची आणि शंकू-दिव्यांतील जमिनीवरचे अंतर यांचा गुणाकार करावा, आणि दिव्याच्या उंचीतून शंकूची उंची वजा करून आलेल्या संख्येने त्याला भागावे. उत्तर ही सावलीची लांबी. त्यांच्या उदाहरणात दिवा साडेतीन हात उंच, अंतर तीन हात आणि शंकू बारा अंगुळे म्हणजे अर्धा हात आहे. अर्धा गुणिले तीन, भागिले तीन, म्हणजे सावलीही अर्धा हात, बारा अंगुळे.

हेच घरी करायचे तर टॉर्च कपाटाच्या कडेवर जमिनीपासून 150 सेंटीमीटर उंचीवर, तोंड खाली तिरपे करून, पक्का बांधावा. त्याच्या बरोबर खालचा बिंदू ओळंब्याने जमिनीवर खूण करून घ्यावा. तेथून 120 सेंटीमीटरवर 30 सेंटीमीटरची मोजपट्टी उभी धरावी. सूत्राप्रमाणे सावली 30 सेंटीमीटर पडली पाहिजे. मोजपट्टी 240 सेंटीमीटरवर नेली तर सावली 60 सेंटीमीटर होते. येथे एक विचारण्याजोगा प्रश्न आहे: दिव्याजवळची सावली आखूड आणि दूरची लांब, असे असताना उन्हात एकाच वेळी मैदानाच्या दोन टोकांना उभ्या केलेल्या दोन सारख्या काठ्यांच्या सावल्या सारख्याच का पडतात? सूर्य इतका दूर आहे की मैदानाच्या दोन्ही टोकांना त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात, हे त्याचे उत्तर आहे.

आता बटण घ्यावे. एक सेंटीमीटर व्यासाचे बटण पऱ्हाटीच्या टोकाला चिकटवावे आणि उन्हात पांढऱ्या पाटीवर त्याची सावली पाडावी. पाटी किरणांना काटकोनात धरावी. बटण पाटीपासून दहा सेंटीमीटरवर असताना सावली गडद असते व तिच्याभोवती मिलिमीटरभर फिकट कड दिसते. पन्नास सेंटीमीटरवर मधला गडद ठिपका निम्म्यावर येतो आणि कड रुंदावते. पाऊण मीटरच्या पुढे गडद भाग टिकलीएवढा उरतो, आणि सव्वा मीटरवर नेले की कोठेही पूर्ण गडद जागा राहत नाही, फक्त एक पुसट डाग दिसतो. प्रच्छाया संपण्याचे अंतर 108 सेंटीमीटरच्या आसपास असते. बटण एक सेंटीमीटरचे आणि सूर्य त्याच्या व्यासाच्या 108 पट दूर, म्हणून 108 सेंटीमीटरवर बटण सूर्याला जेमतेम झाकते. त्यापलीकडे बटणाच्या भोवतीने सूर्याची कड दिसू लागते. सूर्यप्रकाशात कोणत्याही वस्तूची प्रच्छाया तिच्या रुंदीच्या सुमारे 108 पट लांब असते, असा नियम यातून मिळतो.

तारांचा प्रश्न आता सुटतो. एक सेंटीमीटर जाडीच्या तारेची प्रच्छाया एक मीटरच्या थोडे पुढे जाऊन संपते, आणि तार तर जमिनीपासून सात-आठ मीटर उंच असते. रस्त्यावर पोचते ती केवळ फिकट उपच्छाया. पंधरा सेंटीमीटर रुंदीच्या खांबाची प्रच्छाया मात्र सोळा मीटरपर्यंत जाते, म्हणून ती ठळक राहते. संक्रांतीला उडवलेल्या अर्धा मीटर रुंदीच्या पतंगाची गडद सावली, किरणांच्या दिशेने मोजलेले अंतर 54 मीटरपेक्षा अधिक झाले की, जमिनीवर पोचत नाही. भरपूर दोरा सोडलेल्या पतंगाची सावली मुलांना सापडत नाही ती यामुळे.

सावली काळीकुट्ट नसते याचाही उल्लेख करायला हवा. उन्हातील सावलीत पुस्तक वाचता येते, कारण थेट सूर्यप्रकाश अडला तरी आकाशातून विखुरलेला प्रकाश तेथे येतच असतो. तो निळसर असतो, त्यामुळे चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या भिंतीवरील सावली नीट पाहिल्यास किंचित निळी दिसते.

अंगणातील शंकू

सावलीवरून दिशा, मध्यान्ह आणि अक्षांश काढण्यासाठी एक मीटर उंचीची सरळ काठी लागते. शेणाने सारवलेले अंगण, सिमेंटचा ओटा किंवा शाळेची गच्ची चालेल, पण पृष्ठभाग पाणसळीने तपासून आडवा असल्याची खात्री करावी, आणि काठी ओळंब्याने दोन बाजूंनी तपासून उभी करावी. येथे निष्काळजीपणा झाला तर पुढील सर्व मापे वाया जातात. काठीच्या सावलीचे टोक उपच्छायेमुळे सुमारे एक सेंटीमीटर पुसट असते, म्हणून टोक नेमके कोणते यावर मुलांची भांडणे होतात. त्यावर उपाय आधीच्याच प्रयोगात आहे. काठीच्या वरच्या टोकाला, सूर्याकडे थोडा कलता असा, पाच मिलिमीटर छिद्राचा लहान पुठ्ठा बसवावा. त्याच्या सावलीत सूर्याचा गोल ठिपका पडतो आणि त्याचा मध्य पेन्सिलीने अचूक खुणावता येतो. उंची मग जमिनीपासून छिद्रापर्यंत मोजावी.

काठी मध्यबिंदू धरून जमिनीवर एक वर्तुळ काढावे. हिवाळ्यात त्याची त्रिज्या सव्वा मीटर पुरते. सकाळी सावली आखडत असताना ठिपका वर्तुळाला जेथे छेदतो तेथे एक खूण, आणि दुपारनंतर सावली लांबत असताना तो पुन्हा छेदतो तेथे दुसरी खूण करावी. दोन खुणांना जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते आणि तिला काठीच्या पायथ्यातून काढलेला लंब उत्तर-दक्षिण असतो. होकायंत्राची आवश्यकता नाही. सावली या उत्तर-दक्षिण रेषेवर येते तो क्षण त्या गावाचा मध्यान्ह.

तो घड्याळातील बाराला येत नाही. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे आणि जळगाव सुमारे 75.6 अंशांवर आहे. प्रत्येक अंशाला चार मिनिटे या हिशेबाने जळगावचा मध्यान्ह सरासरी 12 वाजून 28 मिनिटांनी होतो, धुळ्याचा 12.31 च्या आणि नंदुरबारचा 12.33 च्या सुमारास. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने आणि तिचा आस कलता असल्याने यात वर्षभर फरक पडतो. जळगावात नोव्हेंबरच्या आरंभी मध्यान्ह 12.11 ला आणि फेब्रुवारीच्या मध्याला 12.42 ला होतो.

मध्यान्हीच्या सावलीची लांबी महिन्यातून एकदा नोंदवावी. जळगाव, भुसावळ किंवा धुळे येथे, म्हणजे 21 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, एक मीटर काठीची सावली 22 डिसेंबरला सुमारे 98 सेंटीमीटर असते. म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवशी भर दुपारी खान्देशातील माणसाची सावली जवळपास त्याच्या उंचीएवढी असते. 21 मार्चला ती 38 सेंटीमीटरवर येते. मग ती आखडत जाते आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शून्य होते. जळगाव व धुळे येथे हा शून्य छाया दिवस 25 मेच्या सुमारास आणि थोडे उत्तरेला असलेल्या नंदुरबारला तीन दिवसांनी येतो. त्यानंतर सूर्य मध्यान्हीला डोक्याच्या उत्तरेकडे सरकलेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडू लागते. 21 जूनला ती दक्षिणेकडे चार सेंटीमीटर असते. नंतर सूर्य परत फिरतो आणि जुलैच्या मध्याला दुसरा शून्य छाया दिवस येतो, पण तो बहुधा ढगांतच जातो. कर्कवृत्त 23.4 अंशांवर, सातपुड्याच्या पलीकडे, आहे. त्याच्या उत्तरेला असलेल्या दिल्लीत मध्यान्हीची सावली वर्षभर उत्तरेकडेच पडते व कधीही शून्य होत नाही. हा अनुभव तेथील विद्यार्थ्यांना घरबसल्या मिळत नाही.

शून्य छाया पाहण्यासाठी काठीपेक्षा उभा ठेवलेला पाइपचा तुकडा अधिक चांगला. शेतातील पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा ओळंब्यात उभा केला तर मध्यान्हीला ऊन थेट तळापर्यंत उतरते आणि तळाशी पूर्ण वर्तुळ उजळते. दहा मिनिटे आधी व नंतर ते एका बाजूने कापलेले दिसते. त्या दिवसांत पारा चाळिशीच्या बराच वर असतो, म्हणून मांडणी सकाळीच करून ठेवावी, मधला वेळ सावलीत बसावे आणि डोक्याला रुमाल बांधून शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांपुरतेच बाहेर यावे. खोल विहिरीच्या तळाशी त्या दिवशी ऊन पोचते हे खरे, पण ते पाहण्यासाठी कठड्यावरून वाकू नये.

विहिरीच्या अशाच निरीक्षणाचा आधार घेऊन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिस यांनी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात पृथ्वीचा परीघ काढला होता. एका गावी सूर्य नेमका डोक्यावर असताना दुसऱ्या गावी तो सुमारे 7.2 अंश कललेला होता, म्हणजे दोन गावांमधील अंतर परिघाचा पन्नासावा भाग. जळगाव आणि दिल्ली यांच्या अक्षांशांतील फरक सुमारे 7.6 अंश आहे, त्यामुळे दिल्लीतील एखाद्या शाळेशी ठरवून एकाच दिवशी, आपापल्या मध्यान्हीला, सावल्या मोजल्या तर तोच प्रयोग करता येतो. दोन्हीकडील सावलीवरून सूर्याचा कल काढावा, फरक घ्यावा, आणि उत्तर-दक्षिण अंतर सुमारे 845 किलोमीटर धरून त्रैराशिक मांडावे. उत्तर 40 हजार किलोमीटरच्या जवळ यायला हवे. चाळीसगाव आणि नंदुरबार यांच्यात हा प्रयोग करू नये असे सुचवावेसे वाटते. तेथे कलातील फरक एक अंशाहूनही कमी आहे आणि मोजण्यातील लहान चुकीने उत्तर फार बदलते.

पृथ्वी आणि चंद्र यांच्या सावल्या

बटणाचा नियम चंद्राला लावून पाहावा. चंद्राचा व्यास 3,474 किलोमीटर. त्याच्या 108 पट म्हणजे सुमारे 3 लाख 75 हजार किलोमीटर. चंद्राचे पृथ्वीपासून सरासरी अंतर 3 लाख 84 हजार किलोमीटर आहे. म्हणजे चंद्राची प्रच्छाया बहुधा पृथ्वीपर्यंत पोचता पोचता संपते. चंद्र आपल्या कक्षेत जवळ असेल तर तिचे टोक जमिनीला टेकते आणि तेवढ्या पट्ट्यातून खग्रास सूर्यग्रहण दिसते. दूर असेल तर टोक वरच्यावर संपते आणि सूर्याची कड कंकणासारखी उरते. सव्वा मीटरवरील बटणाची स्थिती हीच होती. 22 जुलै 2009 च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा सुरत, इंदूर, भोपाळ असा गेला होता. उपच्छाया मात्र हजारो किलोमीटर पसरलेली असते आणि तेथून खंडग्रास ग्रहण दिसते.

पृथ्वीची प्रच्छाया याच नियमाने सुमारे 13 लाख 80 हजार किलोमीटर लांब येते. चंद्राच्या अंतरावर ती निमुळती होऊनही 9,200 किलोमीटर रुंद असते, चंद्राच्या अडीच पटींहून अधिक, त्यामुळे संपूर्ण चंद्र तिच्यात मावतो. त्या वेळी तो काळा न होता तांबूस दिसतो, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वळलेला तांबडा प्रकाश प्रच्छायेतही पोचतो. ही सावली पाहण्यासाठी ग्रहणाचीच वाट पाहावी लागते असे नाही. तापीकाठच्या सपाट शेतात, आकाश स्वच्छ असताना, सूर्य मावळल्यावर पाच-दहा मिनिटांनी पूर्वेकडे पाहावे. क्षितिजालगत करडा-निळा पट्टा वर चढताना दिसतो आणि त्याच्या माथ्यावर गुलाबी झाक असते. तो निळा पट्टा म्हणजे हवेवर पडलेली पृथ्वीची सावली.

2 ऑगस्ट 2027 रोजी दुपारनंतर भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. ढगांनी वाट दिली तर खान्देशातील शाळांनी आरसा व पुठ्ठ्याची मांडणी त्या दिवशी बाहेर काढावी. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच किंवा साधा गॉगल डोळ्यांना पुरेसे संरक्षण देत नाही. ग्रहण पाहण्यासाठी प्रमाणित चष्मा नसेल तर फक्त प्रतिमाच पाहावी. सूर्य तेव्हा पश्चिमेकडे कललेला असेल, म्हणून आरसा पश्चिमेच्या उन्हात ठेवून तिरीप पूर्वेच्या खोलीत पाठवावी, भिंत निदान पाच मीटर दूर असावी आणि उघडा चौकोन अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा मोठा ठेवू नये. भिंतीवर पांढरा कागद लावून दर दहा मिनिटांनी प्रतिमेची कड पेन्सिलीने गिरवावी व शेजारी वेळ लिहावी; ढग आल्यास ती वेळही लिहावी.